फ्रिजवरची वही

भाडं, वीजबिल, सिलिंडर पहिल्या आठवड्यातच उरकतं. त्यात डोकं लावण्यासारखं काही नाही. खरी गळती यूपीआयची. दहाचा कटिंग, वीसची कोथिंबीर, कोपऱ्यावरचा वडापाव. रात्री जेवणं झाली की अहो फोनवरचे व्यवहार वाचतात, मी फ्रिजवरच्या वहीत उतरवते. ‘पुन्हा वडापाव?’ एवढंच विचारते.

भाजी मंडईतून, तीही संध्याकाळी उशिरा. तेव्हा मेथीची जुडी बरीच स्वस्त मिळते. जरा मलूल असते, पण ओल्या फडक्यात गुंडाळली की तरतरीत होते. निवडायला मात्र त्याच रात्री बसावं लागतं, आणि तेव्हा बरोबर सगळ्यांना झोप येते!

गणपतीसाठी आषाढापासूनच वेगळं पाकीट. तुळशीबागेत जाताना तेवढंच न्यायचं. फोन घरी.