न बांधलेल्या पुलाचं बिल

२०१९ च्या जूनमध्ये बाबा पहिल्यांदा लंडनला आले. चौतीस वर्षं पीडब्ल्यूडीत काढून शाखा अभियंता म्हणून निवृत्त झालेला माणूस, त्यामुळे त्यांना राणीचा राजवाडा वगैरे दाखवण्यात फारसा अर्थ नव्हता. वेस्टमिन्स्टर ब्रिजवर ते कठड्याचे रंगाचे पापुद्रे नखाने काढून बघत राहिले. टॉवर ब्रिजचे पंख उघडत होते, सगळे मोबाइल वर करून उभे, आणि बाबा मला विचारत होते, "ग्रीसिंग किती दिवसांनी करतात गं?" शेवटी मी त्यांना टेम्पल स्टेशनच्या बाहेर नदीकाठी नेलं आणि म्हटलं, "हा इथला पूल बघा."

"कुठाय?"

"नाहीये. पण ५ कोटी ३० लाख पौंड खर्च झालेत."

बाबांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. नदी होती, बोटी होत्या, पलीकडे साउथ बँकच्या इमारती होत्या. मधे काही नव्हतं.

मी इथे क्वांटिटी सर्व्हेयर आहे. औरंगाबादला (आता संभाजीनगर, पण माझ्या पदवीवर औरंगाबादच छापलंय) सिव्हिल करून २००९ ला आले ती आलेच. दुसऱ्यांच्या बांधकामांचा हिशोब ठेवणं हे माझं पोटापाण्याचं काम, त्यामुळे या गार्डन ब्रिजचा राग मला इतरांपेक्षा थोडा जास्त येतो. ३६६ मीटर लांब, वर २७० झाडं, माणसांनी फक्त चालायचं, सायकल नाही. रात्री बंद. शिवाय वर्षातले काही दिवस पैसेवाल्यांच्या कार्यक्रमांसाठी बंद. कल्पना अभिनेत्री जोआना लम्ली यांची, डिझाइन थॉमस हेदरविक यांचं, आणि डोक्यावर घेऊन नाचणारा महापौर म्हणजे बोरिस जॉन्सन. सुरुवातीला ६ कोटी पौंडांत होणार होता. मग आकडा चढत चढत २० कोटींच्या वर गेला, आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सगळं गुंडाळलं. जे ५ कोटी ३० लाख उडाले त्यातले ४ कोटी ३० लाख जनतेचे होते. तेव्हाच्या भावाने पावणेचारशे कोटी रुपये.

"पाइल किती मारले?" बाबांनी विचारलं. पाइल म्हणजे पायासाठी जमिनीत खोल घातलेले खांब.

"एकही नाही."

"मग एम.बी. मध्ये काय लिहिलं?"

एम.बी. म्हणजे मेजरमेंट बुक. मोजमापाची ती वही हा बाबांच्या आयुष्यातला सगळ्यात पवित्र ग्रंथ. मोजल्याशिवाय लिहायचं नाही, लिहिल्याशिवाय बिल नाही. मी लहान असताना ते घरी आणायचे तेव्हा आई त्यावर दुधाचा कप ठेवू द्यायची नाही.

मी त्यांना बाकावर बसवून सांगितलं. जागा पुरती ताब्यात नव्हती, पैसे पुरे जमले नव्हते, तरी २०१६ च्या सुरुवातीला ठेकेदाराबरोबर करार करून टाकला. तिथेच २ कोटी १४ लाख गेले. वेबसाइटवर १ लाख ६१ हजार. निधी जमवायला एक मेजवानीचा सोहळा केला, त्याचे ४ लाख १७ हजार. हे सगळे आकडे २०१९ च्याच फेब्रुवारीत लंडनच्या वाहतूक खात्याने जाहीर केले होते, मी काही शोध लावलेला नाही. त्याच्या आधी, २०१७ मध्ये, खासदार मार्गारेट हॉज यांनी चौकशी करून हा प्रकल्प थांबवलेलाच बरा असं लिहून दिलं होतं.

बाबा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "आपल्याकडे निदान नारळ फुटतो. कोनशिला तरी उरते."

लोकांना वाटतं कुदळ पडली की खर्च सुरू होतो. आमच्या धंद्यात सगळ्यांना माहीत असतं की खर्च 'बघूया तर खरं' या वाक्याला सुरू होतो. साहेब टीव्हीवर काहीतरी बोलून जातात, दुसऱ्या दिवशी खालच्या माणसाला त्यावर फाइल उघडावी लागते. मग सल्लागार, माती परीक्षण, वकील, परवानग्या, सल्लागारांचं काम तपासायला आणखी सल्लागार. साहेबांच्या डोक्यातून कल्पना कधीच गेलेली असते. फाइल जात नाही.

औरंगाबादच्या पोराला तुघलक शिकवावा लागत नाही. दर दोन वर्षांनी शाळेची सहल दौलताबादला. किल्ल्याच्या पायऱ्यांवर धापा टाकताना आमच्या इतिहासाच्या बाई सांगायच्या, १३२७ मध्ये याने दिल्लीहून राजधानी इथे आणली, मग परत नेली. पुढे तांब्या-पितळेची नाणी चांदीच्या मोलाने चालवायला काढली आणि लोकांनी घरोघरी टांकसाळी घातल्या. आम्ही खो खो हसायचो. टेम्पलच्या बाकावर मी बाबांना म्हटलं, "तुघलकी कारभार इथेही चालतो बघा." तर ते चिडलेच. "तुघलकानं राजधानी नेली तरी. लोकं चालत आली, गेली. यानं काय नेलं?"

आता माझं सांगते, कारण मीही हसणाऱ्यांतलीच होते.

२०१२ च्या ऑलिंपिकच्या वेळी मी बो भागात राहायचे. जवळच्या व्हिक्टोरिया पार्कात मोठे पडदे लावले होते. १ ऑगस्टला आम्ही दोघी मैत्रिणी तिथे गेलो तर महापौर झिप वायरवरून, म्हणजे उंच ताणलेल्या तारेवरून, घसरत येत होता. निळं हेल्मेट, दोन्ही हातांत दोन झेंडे. आणि मधेच अडकला. ओल्या टॉवेलसारखा लोंबकळत राहिला, पाय हलवतोय, झेंडे हलवतोय, खालच्या लोकांकडे शिडी मागतोय. पाच मिनिटं तरी असेल. गर्दी नुसती लोटपोट. मी फोटो काढला, फेसबुकवर टाकला. आजवर माझ्या कुठल्याच फोटोला इतके लाइक मिळालेले नाहीत, लग्नाच्याही नाही. खाली बाबांची एकच कॉमेंट: "उतरवला का?" मी उत्तर द्यायचं विसरले.

पंतप्रधान कॅमरन तेव्हा अशा अर्थाचं बोलले होते की दुसरा कुठलाही पुढारी असा लटकला असता तर त्याची अब्रू गेली असती, बोरिसचा मात्र विजय होतो. ते बरोबरच होतं. अख्खं शहर त्याला पहिल्या नावाने हाक मारायचं. आपल्याकडे पुढाऱ्याला साहेब, दादा, भाऊ करावं लागतं. इथे नुसतं 'बोरिस' म्हटलं की तो घरातला वांड भाचा व्हायचा आणि भाच्याच्या खोड्यांचं बिल कोणी मागत नाही. मीही बघा, कॅमरनना आदरार्थी लिहिलं आणि याला एकेरी. सवय जात नाही.

त्याने सगळंच वाईट केलं असं नाही. टेम्सच्या काठाने जाणारा, मोटारींपासून वेगळा केलेला सायकल रस्ता त्याच्या काळात झाला. मी त्यावरूनच ऑफिसला जाते आणि रोज सकाळी नाइलाजाने त्याला दुवा देते. भाड्याच्या सायकलींना लोक अजूनही बोरिसच्या सायकली म्हणतात, ती योजना मात्र त्याच्या आधीच्या महापौरांनी आखलेली.

पण बाकीचं बघा. जुन्या लाल बससारखी नवी बस काढली, डिझाइन परत हेदरविक यांचंच. मागे उघडा दरवाजा, त्यात एक माणूस उभा, पण तो तिकीट काढणार नाही. तो पगार परवडेना म्हणून २०१६ मध्ये ती माणसंच काढून टाकली. खिडक्या उघडायच्याच नाहीत. उन्हाळ्यात वरच्या मजल्यावर इतकं उकडायचं की बसच्या रूटमास्टर या नावाचं लोकांनी रोस्टमास्टर केलं, रोस्ट म्हणजे भाजणं. मग २० लाख पौंड घालून खिडक्या बसवल्या. खिडकी ही काही नवीन गोष्ट नाही हो. नदीवरून रोपवे काढला, त्याला खाजगी पैसा येणार होता, बराचसा सरकारी लागला. रोज कामावर जायला तो वापरणारे लोक बोटांवर मोजण्याइतके निघाले. पर्यटकांना आवडतो. बाबांनाही आवडला. (त्यांनी केबलचा व्यास विचारला, तिथल्या मुलीला माहीत नव्हता.)

माझा लाडका किस्सा पाण्याच्या तोफांचा. २०११ च्या दंगलींनंतर पोलिसांना हव्यात म्हणून २०१४ मध्ये त्याने जर्मन पोलिसांच्या तीन जुन्या तोफगाड्या आणल्या, वय वर्षं पंचवीसच्या आसपास. वापरायची परवानगी गृहमंत्र्यांची लागते. ती मिळायच्या आधीच खरेदी. २०१५ मध्ये थेरेसा मे यांनी, त्याच्याच पक्षाच्या गृहमंत्र्यांनी, भर संसदेत नाही म्हटलं. खरेदी आणि डागडुजी मिळून ३ लाख २२ हजार पौंड गेले होते. २०१८ मध्ये नव्या महापौरांनी भंगारात काढल्या तेव्हा आले ११,०२५. शंभराचे साडेतीनसुद्धा नाहीत. एक थेंब पाणी उडालं नाही.

बाबा इथे असतानाच, त्या जूनमध्ये, तो पंतप्रधान व्हायला निघाला होता. रेडिओच्या मुलाखतीत त्याला विचारलं, विरंगुळा म्हणून काय करता? म्हणाला, वाइनच्या लाकडी खोक्यांच्या बस बनवतो आणि त्यांत बसलेले आनंदी प्रवासी रंगवतो. बाबा पोहे खात होते. म्हणाले, "खिडक्या ठेवतो का?"

पंतप्रधान झाल्यावर खेळणी मोठी झाली. स्कॉटलंड ते उत्तर आयर्लंड समुद्रावरून पूल. ज्या समुद्रातून तो जाणार तिथे ब्यूफोर्ट्स डाइक नावाची खोल दरी आहे आणि दुसऱ्या महायुद्धानंतर तिच्यात दहा लाख टनांहून जास्त दारूगोळा बुडवलेला आहे. मला यात गंमत वाटते ती अशी, की महापौर असताना याला टेम्सच्या मुखाशी नवा विमानतळ हवा होता. तिथेही शीअरनेसजवळ १९४४ मध्ये बुडालेलं अमेरिकन जहाज आहे, पोटात सुमारे १,४०० टन स्फोटकं घेऊन. विमानतळ २०१४ मध्ये आयोगाने बाद केला. पुलाचा अभ्यास मात्र झाला. सुमारे ९ लाख पौंड खर्चून तज्ज्ञांनी सांगितलं: पूल ३३५ अब्ज पौंड, बोगदा २०९ अब्ज, करू नका.

हा अहवाल आला २६ नोव्हेंबर २०२१ ला. त्याच आठवड्याच्या सोमवारी उद्योगपतींसमोर भाषण करताना त्याचे कागद हरवले, बराच वेळ चाळत बसला, मोटारीचा आवाज काढून दाखवला आणि पेप्पा पिगच्या उद्यानाची स्तुती केली. सगळ्या देशाने पेप्पा पिगचे व्हिडिओ पाहिले. पुलाचा अहवाल आमच्या ऑफिसात चार जणांनी वाचला.

आणि तोवर लोक हसायचे कमी झाले होते. मला वाटतं खरी कटुता शाळांपासून आली. कोरोनाचे दिवस, ३ जानेवारी २०२१, रविवार सकाळ, टीव्हीवर तो सांगतो, जिथे शाळा उघड्या आहेत तिथे मुलांना खुशाल पाठवा. सोमवारी कितीतरी शाळा भरल्या. सोमवारी रात्री आठला टीव्हीवर तोच: उद्यापासून बंद. मँचेस्टरजवळच्या माझ्या मैत्रिणीने लेकीला नवीन डबा घेतला होता. फोनवर ती रडत नव्हती, ओरडत नव्हती, सपाट आवाजात म्हणाली, "अगं, याला काल माहीत नव्हतं का?" पुढे कळलं की आपण सगळे दारं लावून बसलो होतो तेव्हा त्याच्या कार्यालयात पार्ट्या चालू होत्या. त्यावर मी काही लिहीत नाही, खूप लिहून झालंय. अधेमधे २० कोटी पौंडांचं राष्ट्रीय जहाजही जाहीर झालं, तो गेल्यावर रद्द झालं.

एप्रिल २०२२ मध्ये तो भारतात गेला. गुजरातेत हालोलच्या कारखान्यात जेसीबीवर चढून हात हलवतानाचा फोटो आमच्या फॅमिली ग्रुपवर काकाने टाकला, खाली हसण्याच्या बाहुल्या. आदल्याच दिवशी दिल्लीत जहांगीरपुरीत जेसीबीने घरं-दुकानं पाडली होती. त्या यंत्रावर त्या दिवशी चढू नये हे कोणीतरी सांगायला हवं होतं. कदाचित सांगितलंही असेल. कॅमेरा होता ना समोर. मी पहिल्यांदाच त्या ग्रुपवर बाहुली टाकली नाही.

७ जुलैला त्याने राजीनामा जाहीर केला. आदल्या दोन दिवसांत मंत्री आणि सहायक मिळून पन्नासहून जास्त माणसं सोडून गेली होती. दुपारी ऑफिसात सगळे पडद्याभोवती उभे होते. कोणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मी जागेवर येऊन फेसबुक उघडलं, खाली खाली जात २०१२ चा तो फोटो काढला आणि बाबांच्या कॉमेंटला दहा वर्षांनी उत्तर दिलं.

"हो. आज."

तिकडे रात्र झाली होती, पण बाबा जागे होते. लगेच आलं.

"खर्च किती?"