विमानातलं सामान: नियम नेमके कुणाचे?

सामानाच्या नियमांचा घोळ होतो, कारण ते एकाच माणसाने केलेले नाहीत. बॅगेचं वजन आणि माप विमान कंपनी ठरवते. हातातल्या बॅगेत पाणी, शॅम्पू किती न्यायचा, हे सुरक्षा तपासणीवाले बघतात. बॅटरी, स्प्रे, दारू यांचे नियम विमानात आग लागू नये म्हणून आहेत आणि ते जगभर जवळपास सारखेच आहेत. त्यामुळे ‘काउंटरवर तर चालेल म्हणाले’ हे सिक्युरिटीत सांगून काही होत नाही.

आधी तिकीट. त्यावर बॅगेजच्या रकान्यात ‘२ पीसी’ असेल तर दोन नग, ‘३० के’ असेल तर एकूण ३० किलो. नगांच्या हिशोबात प्रत्येक बॅगेचं वजन वेगळं धरतात; इकॉनॉमीत बहुधा २३ किलो. एक बॅग २७ किलोची आणि दुसरी १९ची, बेरीज बरोबर ४६, तरी पहिलीचे जादा पैसे पडतात. काउंटरसमोर सूटकेस उघडून बसलेली मंडळी दिसतात ती बहुतेक यामुळेच. एकाच बॅगेत ३२ किलोच्या वर गेलात तर पैसे भरूनही ती अनेकदा घेत नाहीत, कारण माणसांना ती हाताने उचलायची असते. मापाची नेहमीची मर्यादा लांबी, रुंदी, उंची मिळून १५८ सेंटीमीटर. यात चाकं आणि मूठही धरतात, केबिन बॅगेलासुद्धा. दुकानातल्या लेबलवर पुष्कळदा चाकं सोडून माप लिहिलेलं असतं, तेव्हा टेप घेऊन स्वतः मोजा.

केबिन बॅगेला साधारण ५५ × ४० × २० सेंटीमीटर आणि ७ ते १० किलो, पण कंपनीगणिक फरक आहे. काही स्वस्त तिकिटांत फक्त सीटखाली मावणारी पिशवीच धरलेली असते. प्रवासात दोन कंपन्यांची विमानं असतील तर दोन्हींची मापं बघून लहान असेल ते धरा.

आता बॅटरी. पॉवर बँक आणि सुट्या लिथियम बॅटऱ्या चेक-इन बॅगेत कधीच नाहीत. बॅटरीने पेट घेतला तर केबिनमध्ये ते लगेच दिसतं आणि विझवता येतं. खाली सामानाच्या कप्प्यात कुणी नसतं. मर्यादा वॉट-अवरमध्ये, म्हणजे बॅटरीत किती ऊर्जा मावते त्या मापात असते: बॅटरीवर छापलेल्या एमएएचला व्होल्टने गुणा आणि १००० ने भागा. २०,००० एमएएच, ३.७ व्होल्ट म्हणजे ७४ वॉट-अवर. १०० पर्यंत परवानगी लागत नाही, १०० ते १६० साठी कंपनीची आधी परवानगी हवी, त्यापुढे बंदी. आकडे पुसले गेलेली पॉवर बँक काढून घेऊ शकतात. गंमत अशी की नियम पाळणाराही गेटवर चुकतो: विमान भरलं म्हणून केबिन बॅग ऐन वेळी खाली पाठवतात आणि पॉवर बँक तिच्यातच राहते. पॉवर बँक बॅगेच्या वरच्याच कप्प्यात ठेवा, म्हणजे पटकन काढता येईल.

द्रवपदार्थांत १०० मिली ही मर्यादा बाटलीची आहे, आतल्या मालाची नाही. २०० मिलीच्या बाटलीत तळाशी थोडंसंच उरलेलं असलं तरी ती काढून घेतात. टूथपेस्ट, जॅम, पीनट बटरही यातच मोडतात. काही विमानतळांनी नवे स्कॅनर बसवून ही अट सैल केली आहे, पण मधल्या विमानतळावर पुन्हा तपासणी झाली तर तिथला नियम लागतो. दारू चेक-इनमध्ये: २४ ते ७० टक्के अल्कोहोल असेल तर माणशी ५ लिटर, सीलबंद, ७० च्या वर अजिबात नाही.

बॅग दिल्यावर टॅगवरचा तीन अक्षरी कोड वाचा. तो शेवटच्या मुक्कामाचा हवा. दोन वेगळी तिकिटं काढली असतील तर बॅग बहुधा मध्येच उतरवून पुन्हा द्यावी लागते. एकच तिकीट असूनही परदेशातून अमेरिकेत येताना तिथल्या पहिल्या विमानतळावर बहुधा सामान स्वतः घेऊन कस्टम्समधून न्यावं लागतं.

बॅग आली नाही किंवा फुटून आली, तर सामानाच्या पट्ट्याजवळच्या काउंटरवर लेखी तक्रार करूनच बाहेर पडा आणि तिचा क्रमांक घ्या. आंतरराष्ट्रीय प्रवासाला लागू असलेल्या मॉन्ट्रियल करारानुसार नुकसानीची लेखी तक्रार बॅग मिळाल्यापासून ७ दिवसांत, उशिराची २१ दिवसांत करावी लागते. २१ दिवसांत बॅग आलीच नाही तर हरवल्याची भरपाई मागता येते. बोर्डिंग पासवर चिकटवलेला टॅगचा तुकडा तोवर जपून ठेवा.