फोंडा घाट आणि न लागलेला दिवा

मामाची पिकअप चार महिने कोल्हापुरात आमच्या दारात उभी होती. २००४चं मॉडेल, डिझेल, हौद्यावर गंजाचे नकाशे. पावसाआधी गावच्या पडवीवर पत्रे चढवायचे होते, म्हणून मेच्या शेवटच्या आठवड्यात बारा पोती सिमेंट आणि पत्रे भरून मी पहाटे पाचला निघालो. रस्ता नेहमीचा : राधानगरी, दाजीपूर, मग फोंडा घाट उतरून कणकवलीच्या बाजूला.

जुन्या गाडीत चावी अर्धी फिरवून क्षणभर थांबायची मला सवय आहे. सगळे दिवे आधी लागले पाहिजेत, मग इंजिन चालू झालं की विझले पाहिजेत. इंजिन तापवणाऱ्या हीटरचा पिवळा लागला, ऑइलचा लाल लागला, ब्रेकचा लाल लागला. बॅटरीचा लागला नाही. माझ्या ते लक्षात आलं, पण लागलेल्या दिव्याची जशी धास्ती वाटते तशी न लागलेल्याची वाटत नाही. निघालो.

भोगावती ओलांडून पुढे गेल्यावर ब्रेकचा दिवा मिचकायला लागला. ब्रेक दाबला की लागायचा, सोडला की विझायचा. आधी संशय हँडब्रेकवर, कारण त्याच्या स्विचचीही वायर याच दिव्याला येते. लिव्हर वर-खाली केली, खालून हलवून पाहिली. काही फरक नाही. राधानगरीत चहाला थांबलो तेव्हा बॉनेट उघडलं. ब्रेक ऑइलच्या पांढऱ्या बाटलीत पातळी खालच्या रेघेच्या नखभर खाली. गाडी सरळ चालताना आतला फ्लोट कसाबसा तरंगत होता, ब्रेक दाबला की ऑइल पुढे सरकायचं आणि फ्लोट बुडी मारायचा.

बाटली भरून पुढे निघणं सोपं होतं. दिवाही विझला असता. पण ब्रेक ऑइल जळत नाही, आटत नाही. ते कमी झालं म्हणजे एक तर पुढचे पॅड झिजलेत आणि त्यांच्या पिस्टनमागे जास्त ऑइल जाऊन बसलंय, नाहीतर कुठून तरी गळतंय. पॅड बरे होते. मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या अंगाला मात्र टॉर्चच्या उजेडात एक ओला काळा ओघळ दिसला. आता हे ब्रेकचं ऑइल की हाउसिंगचं, म्हणजे मागच्या ॲक्सलमधलं गिअर ऑइल? बोटावर घेतलं. हाउसिंगचं ऑइल जाड असतं आणि त्याचा उग्र वास जाता जात नाही. हे पातळ होतं. वर बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब टाकले, तर बोट चक्क धुतलं गेलं. गिअर ऑइल पाण्याला दाद देत नाही. ब्रेक ऑइल पाण्यात विरघळतं, आणि हवेतला दमटपणाही पिऊन घेतं. नव्या डॉट ३ ऑइलचा उत्कलनबिंदू २०५ अंशांच्या वर असतो, पाणी प्यायलेल्याचा १४०पर्यंत उतरू शकतो. घाटात तापलेल्या ड्रमशेजारी ते उकळलं की वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पेडल सरळ तळाला.

चहावाल्याने दाखवलेल्या मिस्त्रीने ड्रम उतरवला. चाकातला ब्रेक ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरचं रबर फाटलेलं आणि ड्रमला घासून चाक थांबवणारे लायनर ऑइलने भिजलेले.

“ह्येच्यावर पालिश मारू नगा,” तो म्हणाला. “त्याल प्यालेला लायनर पुन्हा धरत न्हाई. दोन्ही चाकांचं बदलू, न्हाईतर घाटात गाडी एका अंगाला ओढंल.”

ब्रेकच्या नळ्यांतली हवा काढताना त्याने गाडी जॅकवरून खाली उतरवून घेतली. मागच्या ॲक्सलवर वजन ओळखणारा व्हॉल्व्ह असतो, चाकं लोंबकळत असली की तो गाडी रिकामी समजून मागचं ऑइल आखडतो. सिमेंट हौद्यातच राहू द्या, म्हणाला. सुरुवात पेडलजवळच्या मास्टर सिलिंडरपासून सगळ्यात लांबच्या, म्हणजे मागच्या डाव्या चाकापासून. मी पेडल मारत होतो, तो निपलला लावलेल्या नळीतले बुडबुडे बघत होता. एक वाजला. दिवा विझला, पेडल वरच धरायला लागलं.

पुढे धरणाच्या पाण्याच्या कडेकडेने जाणारा तुकडा मला फार आवडतो. शाहू महाराजांचं हे धरण, त्याचे सात दरवाजे पाणी चढलं की आपोआप उघडतात. वायर नाही, दिवा नाही. त्या दिवशी पाणी पार खाली गेलं होतं. दाजीपूरच्या झाडीत शिरलो आणि वळीव कोसळला. दुपारी दोनला हेडलाइट, वायपर, पंखा, सगळं चालू. घाटाच्या तोंडाशी ब्रेक दाबला, लागला. दुसऱ्यांदा लागला. तिसऱ्यांदा पेडल दगड.

गाडी थांबली, पण मांडीत गोळा आला. चाकांमागे दगड लावले. डॅशबोर्डवर एकही दिवा नाही!

पेडल खाली जाणं वेगळं आणि कडक होणं वेगळं. कडक म्हणजे ऑइल ठीक आहे, पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरला व्हॅक्यूम मिळत नाही. इंजिन बंद करून पेडल पाच-सहा वेळा मारलं, पाय दाबून धरला आणि गाडी चालू केली. पाय थोडा खाली जायला हवा होता, गेला नाही. मग हेडलाइट, वायपर, पंखा बंद केला. दोन-तीन सेकंदांत पेडल पायाखाली हळूच बसलं. लाइट पुन्हा लावले तर बॉनेटखालून कीं... असा लांब आवाज. बेल्ट!

डिझेल इंजिन पेट्रोलसारखी ओढ तयार करत नाही, म्हणून ब्रेकसाठी वेगळा व्हॅक्यूम पंप लागतो, आणि या गाडीत तो अल्टरनेटरच्या, म्हणजे बेल्टवर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या शेपटीला बसवलेला. विजेचा भार वाढला की ढिला, भिजलेला बेल्ट घसरायचा आणि चार्जिंगबरोबर ब्रेकही जायचा. अशा वेळी ओरडायचं काम बॅटरीच्या दिव्याचं.

बेल्ट अंगठ्याने दाबला तर अर्ध्या इंचाऐवजी चांगला दीड इंच गेला. पावसात भिजत अल्टरनेटरचा बोल्ट सैल केला, टायर लिव्हरने ताण दिला, पुन्हा आवळला. मग मीटरमागे हात घालून बॅटरीच्या दिव्याचा होल्डर पाव वळसा फिरवून काढला. आत बल्बच नव्हता. डिझेलच्या काट्यामागचा काढून तिथे घातला. चावी फिरवली, लागला; इंजिन चालू झालं, विझला. पेडल परत दहा वेळा तपासून सेकंड गिअरमध्ये घाट उतरलो. ब्रेकला पाय जेमतेम लावला.

फोंड्यात ऊन होतं.

अंधार पडता पडता घरी पोचलो. पत्रे उतरवताना मामाला सगळी कथा सांगितली, बल्ब चोरणाऱ्या अज्ञात मिस्त्रीला दोन शिव्याही घातल्या.

“मियाच काढलंय तो,” मामा म्हणाला. “रातचो डोळ्यार येय होतो.”

मग गाडी मागे घ्यायला स्टिअरिंगवर बसला, चावी फिरवली आणि खिडकीतून डोकं बाहेर काढलं.

“आणि डिझेलचो काटो काळोखात दिसणा नाय तो? तेचो बल्ब खंय गेलो?”