रुखवत नवरदेवाचे

रुखवत मांडावे ते वधूकडच्यांनी आणि वरपक्षाने त्यावरून जाता जाता एक नजर फिरवावी, ही आपल्याकडची रीत. ऑस्ट्रेलियाच्या जवळजवळ मध्यावर असलेल्या ॲलिस स्प्रिंग्ज या गावी ही रीत उलटी झालेली मी पाहिली. तिथे बाउअरबर्ड नावाच्या पक्ष्यात रुखवत मांडतो तो नर, आणि पाहायला येते ती मादी.

सप्टेंबरात भाच्याकडे ॲडलेडला गेले होते, तेव्हा त्याच्याच आग्रहाने तीन दिवस वाळवंटही पाहून आले. ॲलिस स्प्रिंग्जमधून टॉड नदी वाहते असे नकाशा सांगतो. प्रत्यक्षात वर्षाचे बहुतेक दिवस तिच्या पात्रात वाळूच असते. या कोरड्या नदीच्या पूर्वेला ऑलिव्ह पिंक नावाच्या बाईंनी उभी केलेली बाग आहे. १९५६ साली, वयाची सत्तरी ओलांडल्यावर, त्यांनी रखरखीत प्रदेशातली स्थानिक झाडे जपण्याचे काम हाती घेतले आणि शेवटपर्यंत तिथेच राहिल्या. त्या बागेतल्या एका काटेरी झुडपाखाली, वाकून पाहिल्याशिवाय दिसणार नाही असा, मला या पक्ष्याचा मांडव दिसला.

मांडव म्हणजे काय, तर वाळक्या काड्या आणि गवत जमिनीत उभे रोवून केलेल्या दोन समांतर भिंती, वीतभरापेक्षा थोड्या उंच, आणि त्यांच्यामध्ये एक पक्षी जेमतेम उभा राहील एवढी वाट. वाटेच्या तोंडाशी अंगण, आणि अंगणात सारा ऐवज: उन्हाने पांढरी झालेली बारीक हाडे, गोगलगायींचे शंख, पांढरे खडे, हिरवी कच्ची फळे आणि गावाच्या शेजाराची खूण म्हणून काचेचे दोन हिरवे तुकडे. पांढरा आणि हिरवा, एवढेच दोन रंग. चारी बाजूंना जमीन लालभडक असताना त्यावर हे दोन रंग किती उठून दिसतात, हे त्या पक्ष्याला कळते की नाही कोण जाणे. मला मात्र रुखवताच्या टेबलावर सापडेल तो रंग भरणाऱ्या आमच्या घरच्या मंडळींची आठवण झाली.

मालक आला तेव्हा पहिल्यांदा थोडी निराशाच झाली. साळुंकीपेक्षा थोडा मोठा, आखूड शेपटीचा, गडद तपकिरी पक्षी. पाठीवर आणि डोक्यावर बदामी ठिपक्यांची पखरण, पोट फिकट पिवळसर. १८६२ साली इंग्रज पक्षीशास्त्रज्ञ जॉन गूल्ड यांनी या पश्चिमी बाउअरबर्डचे शास्त्रीय वर्णन केले तेव्हा त्याला ‘गुट्टाटा’, म्हणजे ठिपकेदार, असे नाव दिले. नाव अचूक आहे, पण त्यात मुख्य गोष्ट आलेली नाही, कारण ती एरवी दिसतच नाही.

बराच वेळ तो नुसता आवराआवर करत होता. एक हाड चोचीत उचलले, दोन इंच सरकवले, मान तिरकी करून पाहिले आणि पुन्हा होते तिथेच आणून ठेवले. सण आला की दिवाणखान्यातली फुलदाणी अशीच हलवणारी माणसे माझ्या परिचयाची आहेत, त्यामुळे मला हे अजिबात परके वाटले नाही.

मग मादी आली. ती सरळ दोन भिंतींच्या मधल्या वाटेत जाऊन उभी राहिली, आणि त्या क्षणी नराने मान खाली घालून मानेमागची पिसे फुलवली. तपकिरी मानेवर जांभळट गुलाबी रंगाचा एक झगझगीत पंखा उघडला. इतका वेळ तो मिटून, पिसांत पिसे दडवून ठेवलेला होता. चोचीत हिरवे फळ धरून तो उड्या मारू लागला, डोके झटकू लागला, मधेच ते फळ भिरकावू लागला. सोबतीला फुत्कार, खरखर आणि मधूनच दुसऱ्याच कुठल्या पक्ष्याचा हुबेहूब आवाज, कारण नकला हाही या जातीचा एक गुण आहे. मादी मात्र काड्यांच्या भिंतीआडून शांतपणे पाहत होती. ती भिंत तिला आडोसाही देते आणि मागच्या बाजूने निघून जायला वाट मोकळी ठेवते, हे मला या बांधकामातले खरे शहाणपण वाटले.

आपल्याकडे नराने बांधायचे आणि मादीने पारखायचे म्हटले की सुगरण आठवते. (नाव बाईचे, खोपा विणणारा मात्र बुवा, भाषेने मादीला न केलेल्या कामाचे श्रेय देऊन टाकले आहे.) पण सुगरणीचा खोपा निदान पिल्लांच्या उपयोगी पडतो. या मांडवात कधीच अंडे घातले जात नाही. मीलन झाले की मादी दूर एखाद्या झाडावर काटक्यांचे साधे, उथळ घरटे स्वतः बांधते, अंडी एकटीच उबवते आणि पिल्लांना एकटीच भरवते. नर आपल्या अंगणातच, पुढच्या पाहुणीच्या तयारीत. रसिकतेचे मला कौतुक आहे, पण संसाराच्या या वाटणीवर मी काही टाळ्या वाजवणार नाही.

एवढे सगळे करायला त्याला वेळ मिळतो, यामागे फळांचा वाटा मोठा असावा. तिथल्या खडकाळ डोंगरांत, पाण्याच्या आसपास, आपल्या उंबराच्या कुळातले एक रानअंजीर उगवते आणि या पक्ष्याचे पोट बरेचसे त्यावर चालते. जिथे ते झाड, तिथे हा असण्याची शक्यता मोठी.

त्या दिवशीची पाहुणी काही मिनिटांत मागच्या बाजूने उडून गेली. गुलाबी पंखा मिटला, पुन्हा तपकिरी मान. त्याने तिच्या दिशेने पाहिलेसुद्धा नाही. अंगणातले एक सुरकुतलेले, पिवळे पडू लागलेले फळ चोचीत उचलले, झुडपाबाहेर नेऊन टाकले आणि थोड्या वेळाने दुसरे, कोवळे हिरवे फळ घेऊन आला. ते नेमके कुठे ठेवावे, यावर त्याचा विचार चालू असतानाच भाच्याने घड्याळ दाखवले.