घरांमधला रस्ता: वेग नकाशावरच ठरतो

वसाहतीत गाड्या सुसाट जातात अशी तक्रार आली की आधी पाटी लागते, मग गतिरोधक येतो, मग दुसरा गतिरोधक. पण गाडी किती वेगानं जाणार हे तीन आकडे ठरवतात: रस्त्याची रुंदी, कोपऱ्याच्या गोलाईची त्रिज्या आणि सरळ पट्ट्याची लांबी. हे तिन्ही आकडे प्लॉट पाडतानाच नकाशावर पक्के होतात. घरं उभी राहिल्यावर कर्ब (रस्त्याच्या कडेची उंच कड) उखडून ते बदलायला कुणी तयार होत नाही. म्हणून ले-आउट मंजुरीला जाण्याआधीच काय तपासायचं ते मापांसकट मांडतो.

घरांमधल्या रस्त्यासाठी ताशी 30 किलोमीटर हा वेग धरा. समोरचं मूल दिसल्यापासून पाय ब्रेकवर पडेपर्यंत दीड सेकंद आणि त्यानंतर चाकं न घसरता होणारं ब्रेकिंग (दर सेकंदाला वेग साडेचार मीटर प्रतिसेकंदानं उतरतो असं) धरलं, तर 30 च्या वेगातली गाडी 20 मीटरमध्ये उभी राहते. 50 च्या वेगात 42 मीटर लागतात, आणि त्यातले 21 ब्रेक लागायच्या आधीच संपतात. 30 वाला जिथे थांबलेला असतो तिथे 50 वाल्याचा पाय अजून ब्रेकवर पडलेलाही नसतो. 2020 साली स्टॉकहोमला भरलेल्या रस्तेसुरक्षेच्या जागतिक मंत्रिस्तरीय परिषदेच्या जाहीरनाम्यात, चालणारे आणि वाहनं वारंवार एकत्र येतात तिथे 30 ची कमाल मर्यादा घालण्यावर भर दिला गेला, तो याच कारणानं.

रुंदी

मोटार साधारण 1.8 मीटर रुंद, आरसे धरून 2. कचरागाडीची बॉडी अडीच मीटर, आरशांसकट जवळजवळ 3. दोन मोटारी सावकाश एकमेकींना पार करायला 4.8 मीटर पुरतात. मोटार आणि कचरागाडीसाठी साडेपाच. रस्त्याकडेला गाडी लावायची असेल तर त्या बाजूला 2 मीटरचा पट्टा वाढवा. दोन्ही बाजूंना पार्किंग आणि मध्ये 4 मीटर, असा एकूण 8 मीटरचा रस्ता कमी वर्दळीच्या भागात उत्तम चालतो. समोरून गाडी आली की एक जण मोकळ्या जागेत थांबतो, दुसरा निघून जातो. फक्त अशी मोकळी जागा दर 30 मीटरला तरी मिळाली पाहिजे, आणि ती बहुतेकदा फाटकांसमोर आपोआप मिळते.

अमेरिकेतल्या कित्येक जुन्या वसाहतींत 36 फूट, म्हणजे सुमारे 11 मीटर रुंदीचे रस्ते आहेत. दोन्ही बाजू गाड्यांनी भरलेल्या धरून ते आखले गेले. पण दिवसा गाड्या कामावर गेलेल्या असतात आणि चालकाला समोर दिसतो 11 मीटरचा मोकळा पट्टा. त्यावर तो 50 नं जाणारच. शिवाय दर 100 मीटर लांबीत रुंदी एक मीटरनं वाढवली की 100 चौरस मीटर जमीन झाकली जाते, आणि 25 मिलिमीटर पाऊस पडला की तेवढ्यावरून अडीच हजार लिटर जास्तीचं पाणी गटारात येतं.

रस्ता अरुंद करायचं म्हटलं की पहिली हरकत अग्निशमनाच्या बंबाची निघते, आणि ती रास्त आहे. ब्रिटनमध्ये बंबासाठी कर्ब ते कर्ब 3.7 मीटर धरतात; अमेरिकेतल्या बऱ्याच अग्निनियमांत 20 फूट, म्हणजे 6.1 मीटर मोकळी रुंदी लागते. यातून वाट काढायची तर आराखड्याच्या पहिल्या आठवड्यातच अग्निशमन दलाशी बसावं. बंबाला पळायला कमी जागा चालते. उभा राहून बाजूचे टेकू टाकायला आणि शिडी चढवायला मात्र जास्त लागते. त्यामुळे पाण्याच्या हायड्रंटपाशी (बंबानं पाणी घ्यायच्या नळापाशी) 6 मीटरचा पार्किंगमुक्त भाग ठेवून बाकीचा रस्ता अरुंद ठेवता येतो. शेवटच्या बैठकीत हा विषय निघाला तर उत्तर एकच येतं: सरसकट रुंद करा.

कोपरा

माझ्या मते सगळ्यात जास्त नुकसान इथे होतं, आणि त्याकडे सगळ्यात कमी लक्ष जातं. साडेपाच मीटरची एक आडवी गल्ली घ्या. माणूस मुख्य रस्त्याच्या कडेनं, कर्बपासून एक मीटर आत, फुटपाथवरून सरळ चालत येतो आणि गल्लीचं तोंड ओलांडतो. कोपऱ्यांची त्रिज्या 3 मीटर असेल तर त्याला गाड्यांच्या वाटेतून 7 मीटर चालावं लागतं. त्रिज्या 9 मीटर केली की तेच अंतर सव्वापंधरा मीटर होतं. सेकंदाला 1.2 मीटर या चालीनं 6 सेकंदांचे 13 सेकंद झाले, आणि गुडघे धरलेल्या माणसाचे त्याहून जास्त. त्याच वेळी 9 मीटरच्या गोलाईवर वळणारी गाडी वेग फारसा कमी न करताच वळते.

9 मीटर का लिहितात? कचरागाडी आपल्याच लेनमध्ये राहून वळली पाहिजे असं गृहीत धरतात म्हणून. रोज येणारं वाहन आणि क्वचित येणारं वाहन वेगळी धरावीत. मोटार आपल्या बाजूनं वळू दे. कचरागाडी किंवा सामानाचा ट्रक वळताना समोरची बाजू वापरू दे. कमी वर्दळीच्या गल्लीत त्यानं काहीही बिघडत नाही. वळणारा ट्रक प्रत्यक्षात किती जागा झाडून नेतो तो मार्ग संगणकावर काढून नकाशावर टाकावा. कोपऱ्यालगत पार्किंगचा 2 मीटरचा पट्टा असेल तर गाडी मुळातच कर्बपासून लांबून वळते, त्यामुळे कर्बची त्रिज्या आणखी कमी चालते. मात्र कोपऱ्यापासून 6 मीटर गाडी लागणार नाही अशी सोय हवी, आणि ती पिवळ्या रंगानं होत नाही. तिथे कर्बच 2 मीटर पुढे आणावा.

दिसण्याचा त्रिकोणही याच वेळी मोकळा ठेवायचा. गल्लीच्या मध्यावर, मुख्य रस्त्याच्या कर्बपासून 2.4 मीटर मागे चालकाचा डोळा धरा आणि तिथून दोन्ही बाजूंना 25 मीटर दिसतंय का पाहा. 0.6 ते 2 मीटर उंचीच्या पट्ट्यात कुंपण, झुडूप, विजेचा डीपी बॉक्स काही नको. कोपऱ्यावरच्या प्लॉटचं कुंपण नेहमी याच त्रिकोणात येतं, म्हणून ही अट त्या प्लॉटच्या विक्रीकागदातच घालावी.

सरळ पट्टा 60-70 मीटरपेक्षा लांब गेला की वेग वाढतो. त्याआधी रस्त्याला एखादा खटका द्या: रस्ता एका बाजूला सरकवा, चौक 75 ते 100 मिलिमीटर उचलून फुटपाथच्या पातळीच्या जवळ आणा, किंवा पार्किंगची बाजू बदला.

बंद गल्ल्या

1929 मध्ये न्यू जर्सीतल्या रॅडबर्नला क्लॅरेन्स स्टाइन आणि हेन्री राइट यांनी बंद गल्ल्यांचा आराखडा केला, तेव्हा घरांच्या दुसऱ्या अंगाला बागेतून जाणाऱ्या पायवाटा होत्या आणि रस्त्याखालून चालणाऱ्यांसाठी भुयारी मार्ग होता. पुढे नक्कल झाली ती बहुतेक ठिकाणी फक्त बंद गल्लीची. पायवाटा गळल्या, आणि पाठीला पाठ लावून असलेल्या घरांमधलं अंतरही गाडी काढून जायचं झालं.

जोडणी मोजायची सोपी रीत आहे. चौक आणि बंद टोकं मिळून किती गाठी होतात ते मोजा, त्यांच्यामधले रस्त्याचे तुकडे मोजा आणि तुकड्यांना गाठींनी भागा. चार बाय चार चौकांच्या जाळीत 16 गाठी आणि 24 तुकडे, म्हणजे 1.5. त्याच 16 गाठी झाडाच्या फांद्यांसारख्या जोडल्या तर तुकडे 15, भागाकार 0.94. निदान 1.4 आला तर वर्दळ विभागली जाते. त्याखाली गेला की सगळ्या गाड्या एकाच तोंडाशी गोळा होतात.

जमिनीच्या आकारामुळे बंद गल्ली ठेवावीच लागली तर 45 मीटरपुढे वळायला जागा द्या. इंग्रजी टी आकाराचं टोक गोल चकरीपेक्षा जागा कमी खातं, पण त्याच्या आडव्या हातांत रहिवासी गाड्या लावतात आणि मग कचरागाडी पूर्ण गल्लीभर रिव्हर्स येते. त्या हातांवर एखाद्या घराचं फाटक उघडेल असा प्लॉट पाडला की जागा आपोआप मोकळी राहते. शिवाय टोकाशी किमान 3 मीटर रुंदीची सरळ पायवाट काढा, दुसरं टोक दिसेल अशी.

मागची गल्ली

प्लॉट अरुंद असले की मागच्या गल्लीचा, म्हणजे घरांच्या पाठीमागून जाणाऱ्या वाटेचा, फायदा उघड दिसतो. 9 मीटर रुंदीच्या प्लॉटसमोर 3 मीटरचं फाटक आणि त्याच्या दोन्ही बाजूंचे 0.9 मीटरचे कर्बचे उतार वजा केले तर उरतात 4.2 मीटर. रस्त्याकडेला गाडी लावायला 6 लागतात. म्हणजे प्रत्येक घरानं समोरून गॅरेज घेतलं की पार्किंग गेलं, झाडाची जागा गेली आणि फुटपाथ दर काही पावलांवर कापला गेला. गॅरेज, कचऱ्याचे डबे, वीज-पाण्याचे मीटर हे सगळं मागे नेलं की पुढचा कर्ब अखंड राहतो.

मागच्या गल्लीची हद्द ते हद्द रुंदी 5 ते 6 मीटर ठेवा. त्यात मध्ये 3.6 ते 4 मीटर पक्का रस्ता, आणि बाजूच्या पट्ट्यांतही गाडीचं चाक गेलं तरी खचणार नाही असा ब्लॉकचा थर. काटकोनात गॅरेजमध्ये शिरायला दारापासून समोरच्या कुंपणापर्यंत साडेसहा ते 7 मीटर लागतात. दार रुंद असेल तर थोडं कमी चालतं. हे अंतर साधायला गॅरेज हद्दीपासून मीटर-सव्वामीटर मागे घ्यावं. आणि इथे एक नियम न मोडता पाळावा: गॅरेज हद्दीपासून दीड मीटरच्या आत असावं, नाहीतर थेट साडेपाच मीटर मागे. मधलं कुठलंही माप घातक. तीन मीटर मागे घेतलं की लोक गॅरेजसमोर गाडी लावतात, तिची शेपटी गल्लीत येते आणि कचरागाडी अडकते.

आकार मधोमध खोलगट द्यावा. दोन्ही हद्दींकडून मध्याकडे अडीच टक्के उतार दिला तर 5 मीटरच्या गल्लीत मध्य सुमारे 60 मिलिमीटर खाली राहतो आणि पाणी गॅरेजच्या उंबऱ्यापासून लांब जातं. पण मध्यावर डांबर ठेवलंत तर सतत ओल राहून तिथेच खड्डे पडतात. म्हणून मधली 600 मिलिमीटरची पट्टी काँक्रीटची करा.

गल्ली जिथे रस्त्याला मिळते तिथे फुटपाथ खाली आणू नये. गाडीनं चढून यावं. दिवे गॅरेजच्या भिंतीवर 3 मीटर उंचीला, पण त्यांची वीज सामायिक लाइनवरून, म्हणजे कुणी घरातून बंद करणार नाही. मीटरसमोर काँक्रीट भरलेले लोखंडी खांब. आणि गल्ली कुणाच्या मालकीची, दुरुस्ती कोण करणार, कचरागाडी आत येणार का, हे प्लॉट विकण्याआधी लेखी ठरवा. ते न ठरल्यामुळे बेवारस पडलेल्या गल्ल्या चुकीच्या मापांमुळे बिघडलेल्या गल्ल्यांहून जास्त असतील.

पाणी, चर आणि वरचा थर

पुढच्या रस्त्याला मध्यापासून दोन्हीकडे 2 ते अडीच टक्के कॅम्बर (कडांकडे उतार) आणि लांबीच्या दिशेनं किमान अर्धा टक्का उतार हवा, 100 मीटरला अर्धा मीटर. पाण्याची जाळी, फुटपाथवरून रस्त्यावर उतरायचा जो उतार असतो, त्याच्या वरच्या अंगाला बसवा, म्हणजे ओलांडायच्या जागी डबकं होत नाही. सखल जागी एकाऐवजी दोन जाळ्या द्या, आणि दोन्ही तुंबल्या तर पाणी कुठून वाहील ती वाट नकाशावर बाणानं दाखवा.

फाटकाशी फुटपाथ खालीवर करू नका. कर्ब आणि फुटपाथ यांच्यामधल्या झाडांच्या दीड मीटर पट्ट्यातच 125 मिलिमीटरचा चढ 1:12 उतारानं बसतो आणि फुटपाथ सपाट राहतो.

पिण्याच्या पाण्याची लाइन मैल्याच्या लाइनपासून आडवी 3 मीटर दूर. ओलांडायची झाली तर तिच्या वर किमान 450 मिलिमीटर. प्रत्येक चौकात रस्त्याखालून दोन-तीन रिकामे डक्ट (पुढे केबल ओढायच्या नळ्या) डांबरीकरणाआधी टाकून, त्यांची टोकं बंद करून, नकाशावर नोंदवा. चर भरताना 150 ते 200 मिलिमीटरचा थर आणि प्रत्येक थराची दबाई. दीड मीटर खोल चरातला भराव नुसता 3 टक्के बसला तरी रस्त्यावर 45 मिलिमीटरची खाच पडते.

रस्त्याच्या आयुष्यातली सगळ्यात जड वाहतूक बांधकामाच्या काळातच होते. इलिनॉयमधल्या ओटावाजवळ 1958 ते 1960 या काळात रस्त्यांवर मुद्दाम ट्रक फिरवून चाचण्या झाल्या. त्यातून निघालेला ढोबळ नियम असा की रस्त्याची झीज अॅक्सलवरच्या (चाकांच्या जोडीच्या आसावरच्या) वजनाच्या चौथ्या घातानं वाढते. मोटारीच्या पाऊण टनाच्या अॅक्सलशी तुलना केली तर 10 टनांचा एक अॅक्सल तीस हजारपट झीज करतो. म्हणून वरचा 40 मिलिमीटरचा थर तीन-चतुर्थांश घरं झाल्यावरच टाकावा. मात्र तोवर जाळ्या आणि चेंबरची झाकणं 40 मिलिमीटर वर राहतात, पाणी जाळीला वळसा घालून कर्बशी साचतं आणि खालच्या थरात मुरतं. त्यासाठी जाळीची चौकट तात्पुरती खालच्या पातळीला बसवा, शेवटच्या थराच्या वेळी उचला, आणि त्या उचलण्याचा खर्च निविदेत वेगळी बाब म्हणून धरा.

रस्ता ताब्यात घेताना टँकरनं प्रत्येक वळणावर आणि मागच्या गल्लीत पाणी सोडा. तासाभरानं 10 मिलिमीटरपेक्षा जास्त पाणी कुठे साचलंय ते खडूनं आखा, चरांवरून 3 मीटरची सरळपट्टी फिरवा, आणि भरलेली कचरागाडी बोलावून प्रत्येक कोपरा व प्रत्येक बंद टोक तिला वळवायला लावा. हे सगळं ठेकेदाराची अनामत परत देण्याच्या आधी.