कुत्र्यासाठी भाजीची बिस्किटं आणि त्यातलं पाणी

घरी केलेली बिस्किटं तिसऱ्या दिवशी बुरसटतात, मधे कच्ची राहतात, नाहीतर हातात घेतली की भुगा होतो. या तक्रारींपैकी निम्म्याहून जास्त तक्रारींचं मूळ एकच असतं: भाजीतलं पाणी. गाजरात सुमारे ८८ टक्के पाणी असतं आणि लाल भोपळ्यात ९० टक्क्यांच्या वर. ते किती आत गेलं आणि त्यातलं किती बाहेर काढलं, यावर बाकी सगळं अवलंबून आहे. चव त्यानंतरची गोष्ट. तसाही कुत्रा चवीपेक्षा वासावरच निकाल देतो.

एका घाण्याचं प्रमाण असं: गव्हाचं पीठ १५० ग्रॅम, ओट्सचं पीठ १५० ग्रॅम (साधे ओट्स मिक्सरमधून बारीक केलेले चालतात), शिजवून घोटलेला लाल भोपळा १५० ग्रॅम, किसून पिळलेलं गाजर ६० ग्रॅम आणि एक अंडं. मीठ, साखर, बेकिंग पावडर काहीच नाही. वाटी-चमच्याने मोजू नका, वजनकाटा घ्या. दाबून भरलेली आणि सैल भरलेली किसाची वाटी यांच्यात कितीतरी फरक पडतो.

भोपळा पाण्यात उकडू नका, वाफवा. साल आणि बिया काढून ३ सेंटीमीटरच्या फोडी करा, १२ ते १५ मिनिटांत सुरी सहज आत जाते. घोटून झाला की कोरड्या पॅनमध्ये मंद आचेवर पाच-सहा मिनिटं हलवत राहा. पॅनच्या तळाशी चमच्याने रेघ ओढून पाहा. रेघेत दोन्ही बाजूंनी पाणी झिरपलं तर अजून वेळ आहे. रेघ क्षणभर कोरडी राहिली की झालं. १५० ग्रॅमचं वजन आटवल्यानंतर करायचं, आधी नाही. गाजर बारीक किसणीवर किसून मुठीत घट्ट पिळा. खाली येणारा रस कुत्र्याच्या जेवणावर ओता, वाया घालवायचं कारण नाही.

बारीक किसणी आणि घोटणं ही हौस नाही. कुत्र्याची दाढ कातरते, आपल्यासारखी दळत नाही, आणि वनस्पतीच्या पेशीभित्तिका फोडणारं विकर (एन्झाइम) त्याच्याकडे नाही. कच्च्या गाजराचा जाड तुकडा दिला तर दुसऱ्या दिवशी तो केशरी रंगासकट तसाच बाहेर पडलेला दिसतो. चावायला छान, पण पोटाला त्यातून फारसं काही मिळत नाही. शिजवून मऊ केली की तीच भाजी उपयोगाला येते. पिठाचंही तसंच. 'कुत्र्याला पीठ पचतच नाही' हे खरं नाही. स्टार्च पचवणाऱ्या विकराच्या जनुकाच्या प्रती कुत्र्यात लांडग्यापेक्षा बऱ्याच जास्त असतात, हे २०१३ साली 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात छापून आलं आहे. पण तो स्टार्च शिजलेला हवा.

सगळं एकत्र करून गोळा जमेपर्यंतच मळा आणि १५ मिनिटं झाकून ठेवा. ओट्स पाणी सावकाश ओढतात, त्यामुळे सुरुवातीला चिकट वाटणारा गोळा एवढ्यात आवरतो. हे थांबणं टाळून लोक मूठभर पीठ वाढवतात आणि बिस्किटं दगडासारखी होतात. उलट खूप मळलं तर गव्हातलं ग्लूटेन ताणतं आणि लाटलेला थर पुन्हा आक्रसतो. फक्त ओट्स वापरले तर बांधून ठेवणारं काही उरत नाही, काठ झडतात. म्हणून निम्मं-निम्मं. गहू सोसत नसेल तर गव्हाऐवजी तांदळाचं पीठ घ्या, पण मग बिस्किटं जरा ठिसूळच होतील हे धरून चला.

दोन बटर पेपरच्या मधे अर्धा सेंटीमीटर जाडीचं लाटा. जाडी सगळीकडे सारखी ठेवणं हे सुबक आकारापेक्षा महत्त्वाचं. हाडाच्या आकाराचा साचा दिसायला गोड, पण त्याची बारीक मान करपते आणि गाठी ओल्या राहतात. सरळ अडीच सेंटीमीटरचे चौकोन कापा. प्रत्येकाला काट्याने दोनदा टोचा, म्हणजे वाफेला वाट मिळते आणि फुगे येत नाहीत.

ओव्हन आधी १७० अंश सेल्सियसला तापवा (पंखा चालू असेल तर १५०). २० ते २५ मिनिटांनी खालची बाजू सोनेरी दिसली की उलटा. इथपर्यंत बिस्किट भाजलं गेलं, वाळलं नाही. आता तापमान १०० वर आणा आणि तासभर तसंच ठेवा. मग ओव्हन बंद करून, दार बोटभर उघडं ठेवून आतच गार होऊ द्या. घाई म्हणून २०० अंशांवर ठेवलं तर भोपळ्यातल्या साखरेमुळे तळ आधी काळा पडतो, वर कडक कवच धरतं आणि पाणी आत कोंडतं. बाहेरून हे बिस्किट इतकं खणखणीत दिसतं की बुरशी येईपर्यंत शंका येत नाही.

वाळलं की नाही, हे काटाच सांगतो. वरच्या प्रमाणाचा कच्चा गोळा साधारण ५६० ग्रॅम भरतो. त्यात पीठ, गर आणि अंडं मिळून सुका भाग ३०० ग्रॅमच्या आसपास. पूर्ण वाळलेल्या बिस्किटांचं वजन सुमारे ३२५ ते ३३० ग्रॅम यायला हवं. ३८० भरलं तर पन्नासेक ग्रॅम पाणी अजून आत आहे. परत १०० अंशांवर अर्धा तास. काटा नसेल तर सगळ्यात जाड बिस्किट मोडा. मधली रेघ गडद आणि चिवट असेल तर ते ओलं आहे.

पूर्ण गार झाल्याशिवाय डब्यात भरू नका, झाकणाला घाम येतो आणि सगळी मेहनत पाण्यात. नीट वाळलेली बिस्किटं हवाबंद डब्यात दोन-तीन आठवडे राहतात. मऊ हवी असतील, म्हाताऱ्या किंवा दात पडलेल्या कुत्र्यासाठी, तर वाळवण्याचा टप्पा सोडा. पण मग फ्रिजमध्ये चार-पाच दिवस, बाकीची फ्रीजरमध्ये. एखाद्यावर बुरशी दिसली तर अख्खा डबा फेका. खरवडून द्यायचं नाही.

आता जरा कडू हिशेब. या घाण्यात सुमारे १२५० कॅलरी आहेत आणि त्यातल्या हजारावर पिठाच्या. म्हणजे भाजीची बिस्किटं म्हटली तरी हा मुळात पिठाचाच खाऊ आहे. चौकोन साधारण १४० होतात, प्रत्येकी ९ कॅलरी. वरच्या खाऊने दिवसाच्या कॅलरींच्या १० टक्क्यांपुढे जाऊ नये, हा पशुवैद्यांचा नेहमीचा नियम. नसबंदी झालेल्या १० किलोच्या प्रौढ कुत्र्याला दिवसाला ६३० कॅलरींच्या आसपास लागतात, म्हणजे सहा-सात चौकोन. ५ किलोच्याला चार, २५ किलोच्याला तेरा-चौदा. शिकवताना चौकोनाचे चार तुकडे करा. कुत्रा बक्षिसं मोजतो, ग्रॅम नाही. वजन उतरवायचं असेल तर बिस्किट विसरा आणि वाफवलेल्या फरसबीचे तुकडे द्या.

भाजी बदलायची तर पाण्याचं गणित बदलतं. रताळ्यात पाणी कमी आणि साखर जास्त, म्हणून एखादा चमचा पाणी लागेल आणि तळ लवकर रंगेल. मटार वाफवून घोटून चालतात. ब्रोकोली थोडीच, जास्त झाली तर पोट बिघडतं आणि घरभर वास सुटतो. बीट आणि पालकात ऑक्झलेट असतं. ज्याला ऑक्झलेटचे मूतखडे झालेत त्याला ते नकोच. मक्याचे दाणे ठीक, कणसाचं बुरकुंड कधीच नाही, ते आतड्यात अडकतं.

कांदा, लसूण, कांद्याची पात यांतलं काहीही नाही. शिजवल्याने त्यांचं विष जात नाही आणि पावडरमध्ये ते जास्त एकवटतं. लाल रक्तपेशी फुटतात आणि त्रास कधीकधी काही दिवसांनी दिसतो. वास यावा म्हणून तयार सूपचे क्यूब घालतात, त्यात बहुधा कांदा असतो. मनुका आणि द्राक्षं मूत्रपिंड निकामी करू शकतात. पीनट बटर घालणार असाल तर बरणीमागची यादी वाचा: झायलिटॉल (साखरेऐवजी घालतात ते गोड द्रव्य) किंवा त्याचीच दुसरी नावं, बर्च शुगर आणि ई ९६७, यांपैकी एक शब्द दिसला तर बरणी कुत्र्यापासून लांब. त्याने अर्ध्या-एक तासात रक्तातली साखर कोसळू शकते. खाल्लं असेल तर लक्षणांची वाट न बघता थेट डॉक्टर गाठायचा. कच्च्या पिठाचा गोळाही चाटायला देऊ नका, कच्च्या पिठात जंतू असू शकतात.

नवी भाजी एकावेळी एकच, आणि पहिले तीन दिवस रोज एक चौकोन. शी सैल झाली तर कशामुळे, हे निदान कळतं. मधुमेह, स्वादुपिंडाचा किंवा मूत्रपिंडाचा आजार असेल तर पीठ भिजवण्याआधी ही सामानाची यादी डॉक्टरांना दाखवा.