तुम्ही विचारलंत म्हणून: ‘थ्रिलर’ सोडून हे काय?

आवडत्या रेकॉर्डींचा विषय निघाला की मी ‘द जॅक्सन्स लाइव्ह’चं नाव घेते आणि ठरलेला प्रश्न येतो. अहो, मायकल जॅक्सनचा ‘थ्रिलर’ आहे, ‘ऑफ द वॉल’ आहे, ते सोडून भावांबरोबरची १९८१ची ही लाइव्ह कशाला? हल्ली या प्रश्नाला एक शेपूटही असतं: आणि त्याच्याबद्दल इतकं सगळं बाहेर आल्यावरसुद्धा? विचारणाऱ्यांतले बरेच जण उत्तरासाठी थांबतच नाहीत. १९९६ला अंधेरीच्या क्रीडा संकुलात आपण त्याला किती लांबून पाहिला, हे सांगायला लागतात. म्हणून आता एकदा लिहूनच टाकते.

सोपं उत्तर आधी. ही रेकॉर्ड वाजते भारी. स्टुडिओतली गाणी यात जरा पळतात आणि त्यांना घाम सुटतो. जोनाथन मॉफेटचे ड्रम, डेव्हिड विल्यम्सची ती टोकदार गिटार, मागे ब्रासवाले. ‘वर्किंग डे अँड नाइट’ ऐका. निर्माता क्विन्सी जोन्सनं घासूनपुसून केलेलं मूळ गाणं त्यापुढे इस्त्री करून घडी घातल्यासारखं वाटतं. दोन तबकड्या, जवळपास ऐंशी मिनिटं, आणि कंटाळा नाही.

हे उत्तर खोटं नाही. पण लग्नाच्या पंगतीत प्रश्न आला तर देण्यापुरतं ठीक आहे.

खरं असं, की मी ही रेकॉर्ड मागच्यांसाठी ऐकते. या अल्बममध्ये काय चाललंय ते बघा. ‘ऑफ द वॉल’, ‘रॉक विथ यू’, ‘शीज आऊट ऑफ माय लाइफ’, ‘डोन्ट स्टॉप’, ‘वर्किंग डे अँड नाइट’, शिवाय लहानपणचं ‘बेन’. ही सगळी एकट्या मायकलच्या नावावरची गाणी. १९७९च्या त्याच्या सोलो अल्बमनं तो भावांच्या पुढे निघून गेलेला आहे, आणि जॅकी, टिटो, मार्लन, रँडी त्याच गाण्यांना साथ करत मागे उभे आहेत. ज्या गाण्यांनी भाऊ घरातून जाणार, ती गाणी रात्रीमागून रात्र वाजवायची, नाचायची, कोरस म्हणायचा. ‘डोन्ट स्टॉप’च्या शेवटी डग हेनिंग या जादूगारानं बसवलेली करामत होती: मायकल स्टेजवर धुरात गायब व्हायचा. रेकॉर्डवर धूर दिसत नाही. फक्त लोकांचा गलका ऐकू येतो आणि नंतर ‘शेक युवर बॉडी’ सुरू होतं, जे मायकलनं रँडीबरोबर लिहिलेलं आहे. ‘कॅन यू फील इट’ जॅकीबरोबरचं. म्हणजे हे भाऊ काही केवळ शोभेचे नव्हते. एवढंही मला दर वेळी सिद्ध करावं लागतं याचा वैताग येतो.

विशीत मी स्वतःच उलटं बोलायचे. आमच्या दादानं पुण्याहून नव्वद मिनिटांच्या कॅसेटवर ही रेकॉर्ड उतरवून आणली होती, आणि मी भावांच्या जागा पुढे पळवायचे. मला वाटायचं, हे ओझं उतरलं म्हणून तर तो ‘थ्रिलर’ करू शकला. तेव्हाच्या मला आज गप्प बसवता येत नाही, कारण तिचा मुद्दा पडत नाही. वर्षभरात ‘थ्रिलर’ आलाच. १९८३च्या, मोटाउन या त्यांच्या जुन्या रेकॉर्ड कंपनीच्या कार्यक्रमात भावांबरोबरची जुनी गाणी संपल्यावर ते स्टेजवरून गेले, तो एकटा राहिला आणि ‘बिली जीन’ केलं. जगाला त्या रात्रीतलं तेवढंच आठवतं.

“पण तुमच्या घरचाच ऑर्केस्ट्रा होता ना, म्हणून तुम्हाला भावांचं एवढं,” असं आता कोणी तरी म्हणणार. इचलकरंजीचे लोक तर हमखास म्हणतात. त्यावर माझं उत्तर इतकी वर्षं ‘तसं काही नाही’ असंच राहिलं. आबांची आणि मायकलच्या वडिलांची, जो जॅक्सनची, तुलना मला खपत नाही. तो पोलाद कारखान्यात क्रेन चालवायचा, आबा यंत्रमागावर होते, एवढंच साम्य. मायकलनं १९९३ साली ओप्रा विन्फ्रीला टीव्हीवर सांगितलं की वडील दिसले की कधी कधी पोटात ढवळून उलटी व्हायची. आबांनी कुणावर कधी हात उचलला नाही. मारलं नाही हे काही प्रशस्तिपत्र होत नाही, तेही मला कळतं.

तर तो ऑर्केस्ट्रा. आबा ॲकॉर्डियनवर, दादा ऑर्गनवर, चुलतभाऊ ढोलक आणि कोंगोवर, मी कोरसला. आणि पुढे माझा धाकटा भाऊ, ‘मुलीच्या आवाजात गाणारा बालकलाकार’. पोस्टरवर त्याचा फोटो मोठा, बाकी आम्ही सगळे खाली एका ओळीत. लताबाईंचं गाणं तो पडद्याआडून सुरू करायचा. मुखडा संपला की पडदा बाजूला व्हायचा आणि सदरा-विजारीतला मुलगा बघून लोक वेडे व्हायचे. याच एका आयटमवर सुपाऱ्या यायच्या. लताबाईंची गाणी म्हणणारी मुलगी प्रत्येक ऑर्केस्ट्रात होती. मीही बरी गायचे. पण माझ्यासाठी कोण बयाना देणार?

वारणेकाठच्या एका गावची जत्रा. ट्रॅक्टरच्या दोन ट्रॉल्या जोडून वर फळ्या टाकलेल्या, बाजूला जनरेटर धडधडतोय. धाकट्याचा घसा दोन दिवस बसल्यासारखा होता. आईनं ज्येष्ठमधाची काडी दिली होती, ती गालात धरून तो बसलेला. मुखडा गेला, पडदा सरकला, शिट्ट्या झाल्या. पहिला अंतरा निभावला. दुसऱ्या अंतऱ्यात वरच्या जागेला त्याचा आवाज फाटला आणि खालून दुसराच, जाड असा, बाहेर आला. त्यानं खाकरून पुन्हा धरला, पुन्हा फाटला. पुढच्या रांगेतून कोणी तरी ओरडलं, “बाप्या झाला की रं!” आणि अख्खं मैदान हसलं.

आबांचा भाता थांबला नाही. त्यांनी त्याच्याकडे पाहिलंच नाही. माझ्याकडे पाहिलं आणि ओठ न हलवता म्हणाले, “मागनं म्हण.”

मी कोरसच्या माइकवर तो अंतरा धरला. साउंडवाला हुशार, त्यानं माझा माइक उचलला, थोडा एको दिला आणि त्याचा बंद केला. धाकट्याला काय झालं ते कळायला एखादी ओळ गेली असेल. मग त्यानं माइक तोंडाजवळ नेला आणि ओठ हलवायला लागला. मला त्याची पाठ दिसत होती. सदऱ्याची कॉलर घामानं मानेला चिकटलेली, आणि माझी तान आली की त्याचा डावा हात बरोबर त्या वळणावर उठायचा, रोज उठायचा तसा. लोकांना वाटलं पोरानं सावरलं. टाळ्या पडल्या, वन्स मोअर आला, तो आम्ही दिलाही. मग नेहमीप्रमाणे माइकवरून पुकारा: अमुक पाटलांकडून बालकलाकाराला अकरा रुपये, तमुक मंडळाकडून एकवीस.

परतताना मेटाडोरमध्ये कोणी बोललं नाही. धाकट्यानं खिशातले बक्षिसाचे पैसे काढले आणि माझ्यापुढे धरले. मी हात पुढे करायच्या आत आबांनी ते मधल्यामध्ये घेतले आणि पिशवीत घातले. त्या हंगामाच्या उरलेल्या साऱ्या सुपाऱ्या आम्ही अशाच केल्या. पोस्टर बदललं नाही.

मला वाईट वाटत होतं का? वाटत होतं. आणि आवडतही होतं. रोज रात्री हजारभर माणसं माझ्या आवाजाला टाळ्या देत होती, मग त्या कुणाच्या नावावर का पडेनात. हे मी कुणाला फारसं सांगितलेलं नाही, कारण सांगितलं की लोक लगेच माझी बाजू घेतात. माझी बाजू घेण्यासारखं त्यात काय आहे, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

आता ‘आयल बी देअर’ लावा. १९७०च्या मूळ गाण्यात मायकलइतकाच त्याचा भाऊ जर्मेन महत्त्वाचा. दोघांनी आलटून पालटून गायलेलं आहे ते. पण १९७५-७६मध्ये बाकीचे भाऊ मोटाउन सोडून एपिक या दुसऱ्या कंपनीकडे गेले तेव्हा जर्मेन मागे राहिला. त्याची बायको मोटाउनच्या बेरी गॉर्डीची मुलगी. भावांच्या बँडचं ‘जॅक्सन फाइव्ह’ हे नावसुद्धा मोटाउननं ठेवून घेतलं, म्हणून हे ‘जॅक्सन्स’ झाले. जर्मेनच्या जागी रँडी आला, त्याचा बेस दुसऱ्याच्या हाती गेला, गाण्यातल्या त्याच्या बऱ्याच जागा मार्लनकडे गेल्या. या रेकॉर्डवर जर्मेनच्या ओळी येतात तेव्हा आवाज जर्मेनचा नसतो, आणि लोकांना काही फरक पडत नाही. त्याच ठिकाणी किंचाळतात, तितक्याच जोरात. प्रत्येक वेळी तिथे माझे कान टवकारतात. घरच्या ऑर्केस्ट्रामुळे नाही, असं अजूनही म्हणायला हवं का? बरं. असेलही.

याच रेकॉर्डवर आणखी एक विचित्र तुकडा आहे. मध्येच स्टेजवर भावांच्या लहानपणीची फिल्म दाखवतात. आपण रेकॉर्ड ऐकणारे, आपल्याला फिल्म दिसत नाही. जुन्या गाण्यांचे तुकडे ऐकू येतात आणि न दिसणाऱ्या पोरांकडे बघून ओरडणारी गर्दी. अकराव्या वर्षी रेकॉर्ड केलेलं ‘आय वाँट यू बॅक’ तो पुढच्याच मेडलीत बाविशीत म्हणतो. छान म्हणतो. मला तिथे रेकॉर्ड थांबवावीशी वाटते आणि मी थांबवत नाही.

दुसरा प्रश्न राहिला. एका मुलाच्या लैंगिक शोषणाच्या खटल्यात २००५ साली कॅलिफोर्नियातल्या ज्युरीनं मायकलला सगळ्या आरोपांतून निर्दोष सोडलं. २०१९च्या माहितीपटात दोन पुरुषांनी आपल्या लहानपणाबद्दल जे सांगितलं, ते मी पूर्ण पाहिलं आणि त्यानंतर बरेच महिने त्याचं काहीच लावलं नाही. मग पहिल्यांदा लावली ती हीच. स्वतःला सांगितलं, मी भावांना ऐकतेय. ही पळवाट आहे, मला माहीत आहे. तो नसता तर या भावांची ही रेकॉर्ड माझ्यापर्यंत कशाला आली असती? अल्बमची ध्वनिमुद्रणं बफेलो, प्रॉव्हिडन्स, न्यूयॉर्क आणि अटलांटातल्या कार्यक्रमांतली. अटलांटात त्याआधीच्या दोन वर्षांत कृष्णवर्णीय मुलांचे एकामागून एक खून झाले होते, आणि तिथल्या कार्यक्रमातून मुलांच्या निधीला मदत दिली गेली. हेही खरं आणि तेही समोर आहे. एकानं दुसरं फिटत नाही. मी ऐकते, याहून जास्त बचाव माझ्याकडे नाही. तुम्ही ऐकत नसाल तर तुमच्याशी वाद घालायची माझी इच्छा नाही.

धाकट्याला ही रेकॉर्ड मुळीच आवडत नाही. तो आता कोल्हापुरात मोटारीच्या सुट्या भागांचं दुकान चालवतो, गात नाही, आणि ऑर्केस्ट्राचा विषय निघाला की गल्ला मोजायला घेतो. टिटो गेला त्या वर्षी, २०२४च्या दिवाळीत, मी बळेच लावली तर म्हणाला, “चार गावच्या टाळ्या एकत्र शिवून लाइव्ह म्हणतात, ताई. यात खरं काय आहे?” त्याला ‘थ्रिलर’च आवडतो. कारण विचारलं तर म्हणे, त्यात तो एकटा आहे, मागे-पुढे कोणी नाही. मी म्हटलं, ‘पी.वाय.टी.’मध्ये मागे बहिणी आहेत की, ला टोया आणि जॅनेट.

“त्या कुठं ऐकू येतात?” म्हणाला.

मला येतात.